वाचायला लागल्यापासून सगळंच खुपायला लागलंय

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागातून एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून त्याचा सारांश देत आहे.

वय चाळिशीच्या पुढे. घरात बोली तेलुगू, शिक्षण मराठीतून, बी.कॉम. घरचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. त्याची बिलं, बँक, जीएसटी, मागावरच्या कामगारांचा आठवड्याचा पगार हे सगळं याच बघतात. घरात नवरा, विधवा सासू (त्यांना या अत्तम्मा म्हणतात), बारावीतली मुलगी आणि तिच्याहून लहान मुलगा. अत्तम्मांनी तरुणपणी विड्या वळून संसार उभा केला. आजही त्यांना विडी कामगार म्हणून थोडी पेन्शन येते. त्यांची बहीण कुंभारीच्या विडी घरकुलात राहते.

टाळेबंदीत माग बंद होते तेव्हा मुलीच्या कपाटातलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' यांच्या हाती लागलं. पुढे वाचनालय लावलं. गौरी देशपांडे, उर्मिला पवारांचं 'आयदान', मिळेल ते वाचत गेल्या. भांड्याच्या मावशी येऊन गेल्या की दुपारचा तास वाचनाचा. पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवतात.

त्या लिहितात, "आधी जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. नळाला पाणी यायचा दिवस असला की पहाटे उठणार मीच. सुताची खरेदी ठरवताना मला विचारत नाहीत, पैसे चुकते करायला मात्र मी. नवरा वाईट नाही. मारत नाही, पीत नाही, पैशाला कधी नाही म्हणत नाही. मग मी चिडते कशावर? अत्तम्मा म्हणाल्या, पुस्तकं वाचून हिचं डोकं फिरलं. मुलगी उलट बाजूने बोलते. म्हणते, तू एवढं स्त्रीवादी वाचतेस आणि मंगळसूत्र घालतेस, संक्रांतीला हळदीकुंकू करतेस, नानम्मा (म्हणजे आजी) त्या दिवशी आतल्या खोलीत बसते. हे ढोंग नाही का? मी दोघींच्या मधे सापडले आहे. वाचणं बंद करावं का? की एकदा घरात सगळं स्पष्ट बोलून टाकावं? आणि माझ्यासारखीने स्वतःला स्त्रीवादी म्हणावं का?"

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सुरुवातीला लिहिलंत आणि शेवटी पुन्हा लिहिलंत, कुणी उलटतपासणी घेत असल्यासारखं. 'नवरा वाईट नाही. मारत नाही, पीत नाही, पैशाला कधी नाही म्हणत नाही.'

हे कौतुक खरं असेल, त्यावर माझा वाद नाही. पण त्यात त्यांनी केलेली एकही गोष्ट नाही. माणूस चांगला ठरलाय तो न केलेल्या गोष्टींवर. हीच परीक्षा तुम्हाला लावून बघा. 'बायको चांगली आहे हो, मारत नाही, पीत नाही,' असं कुणी म्हणेल का? तुमचा चांगुलपणा मोजायला बसलं की कामं मोजली जातात. पहाटेचं पाणी, डबे, अत्तम्मांच्या गोळ्या, कारखान्याचा हिशेब, आलंगेलं. आणि त्यातला तिसरा 'नाही' मला सगळ्यात बोलका वाटतो. पैशाला नाही म्हणत नाहीत, म्हणजे तुम्हाला मागावे लागतात. कारखान्याचा पै न् पै जिच्या हातून जातो तिला स्वतःसाठी मागावे लागतात.

तेव्हा चिडता कशावर, हे तुम्ही पत्रातच लिहून ठेवलंय. पुस्तकांनी ते तुमच्या डोक्यात घातलेलं नाही.

पण तुम्ही रागाला आजार समजताय आणि त्यावर वाचन बंद करण्याचं पथ्य सुचवताय. मराठीत बाईच्या रागाचं पहिलं मोठं पुस्तक १८८२ साली आलं, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री पुरुष तुलना'. सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला, शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. ताराबाई पेटल्या त्या यावर. पुढे पुस्तक सगळ्या पुरुषजातीला धारेवर धरतं, पण त्या रागाला धरायला एक जागा होती, एक बाई, एक निकाल. तुमचा राग सध्या घरभर सांडलाय. मुलाच्या उष्ट्या ताटावर, टीव्हीच्या आवाजावर, नवऱ्याच्या चपलांवर. त्यामुळे ज्यावर खरोखर चिडावं तेही त्यातच वाहून जातं. पंधरा दिवस एक करा. राग आला की नेमकं काय झालं होतं ते हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत लिहा, स्वतःला सल्ला न देता. मग बघा कोणत्या ओळी नुसत्या वैतागाच्या आहेत आणि कोणत्या अन्यायाच्या. 'चहाचा कप उचलला नाही' आणि 'सुताचा व्यवहार ठरला, मला कळला बिल आल्यावर' या दोन ओळींची जात वेगळी आहे. दुसरीवर बोलायचं असेल तर पहिलीवरची धुसफूस थोडी कमी करावी लागते, नाहीतर 'हिचं रोजचंच' म्हणून दुसरीही निकालात निघते. हे न्याय्य नाही, पण घरं अशीच चालतात.

आता तुमच्या वाचनाबद्दल. गौरी देशपांड्यांच्या कथा वाचल्यावर तुम्हाला 'आपण काहीच जगलो नाही' असं वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. अनेकींना वाटतं. त्या नायिका परदेशी जातात, नवऱ्यापासून दूर होतात, पुन्हा जवळ येतात, स्वतःच्या मनाशी तासन्‌तास बोलतात. त्या लेखिकेची आई इरावती कर्वे, आजोबा धोंडो केशव कर्वे. बाईने शिकावं, कमवावं, एकटीने प्रवास करावा यासाठी ज्या घरात दोन पिढ्या भांडून झाल्या होत्या, त्या घरातून गौरी लिहायला बसल्या. म्हणून त्यांच्या बायकांची दुःखं खोटी ठरत नाहीत. मला तर त्या प्रिय आहेत. पण त्यांची गोष्ट ही फूटपट्टी नव्हे. तुमच्या घरात ती भांडणं अजून व्हायची आहेत, आणि पहिली तुम्ही भांडताय.

गंमत बघा. गौरी पुढे फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिल्या. त्याच फलटणात बेबीताई कांबळे छोटं दुकान चालवत होत्या. सामान बांधायला येणाऱ्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या, आणि गिऱ्हाईक नसताना वहीत लिहायच्या. ती वही त्यांनी नवऱ्यापासून आणि मुलापासून जवळजवळ वीस वर्षं लपवून ठेवली. १९८६ साली तिचं 'जिणं आमुचं' झालं. एकाच तालुक्यात या दोन बायका, आणि दोघींच्या 'स्वातंत्र्य' या शब्दाखाली केवढी वेगळी जमीन. तुम्ही यातली एक वाचलीय. दुसरी वाचा, मग स्वतःला नापास करायची घाई होणार नाही.

'जिणं आमुचं' वाचा म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. त्यात सासुरवासाची पानं अंगावर येतात. गावाबाहेर ढकललेल्या, उपाशी, अपमानित वस्तीत सासवा नव्या सुनांचा जो छळ करतात तो बेबीताईंनी काही लपवलेला नाही. पण 'बाईच बाईची शत्रू' हे आपल्याकडचं लाडकं आळशी वाक्य त्यांच्या हातून येत नाही. ज्यांना जगात कुठेच हुकूम चालवता येत नाही त्यांना सुनेवर तेवढा चालवता येतो, हे त्या दाखवतात. गुलामाचाही कुणी गुलाम असतो.

यावरून अत्तम्मांकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवणारं माणूस त्या आहेत, आणि तुम्ही त्यांना तीनचार ओळींत उरकलंत.

मांडीवर सूप, तेंदूचं पान, तंबाखू, दोरा. हजार विड्यांमागे मजुरी. मापात न बसलेल्या विड्या बाजूला पडायच्या, त्यांचे पैसे नाहीत. मान, पाठ, डोळे सगळं त्यातच गेलं. पण ती मजुरी त्यांच्या हातात पडत होती आणि त्यांच्या नावावर नोंदली जात होती. म्हणून आज पेन्शन येते. ती रक्कम किती थोडी आहे याची मला कल्पना आहे. तरी तुमच्या घरात स्वतःच्या नावावर पैसा येणारी बाई एकच आहे, आणि ती बी.कॉम. झालेली सून नाही. हे अत्तम्मांना कुणी स्त्रीवाद म्हणून शिकवलेलं नव्हतं, गरिबीने शिकवलं. घराला थोडे बरे दिवस आले, माग आले, आणि घरातल्या बायकांचा स्वतःचा पैसा संपला. आपल्या पूर्व भागात हे कितीतरी घरांत झालंय, आणि त्याला आपण प्रगती म्हणतो.

'पुस्तकं वाचून डोकं फिरलं' असं त्या म्हणाल्या. एकदा म्हणाल्या की रोज म्हणतात? पत्रावरून तरी एकदाच म्हणालेल्या दिसतात. तुम्ही ते वाक्य मनात घोळवून इतकं मोठं केलंय की त्यावर पुस्तकांना कव्हरं चढली. मला वाटतं त्यांना पुस्तकाचा राग नसावा. दुपारी सून तासभर कुणाचीच नसते, याचा असेल. आधी तो तास त्यांच्याशी बोलण्यात जात होता का? विचारून बघा स्वतःला.

त्यांची बहीण ज्या वसाहतीत राहते तिचं नाव गोदूताई परुळेकर. कुंभारीची दहा हजार घरांची महिला विडी कामगारांची वसाहत, आपण सगळे नुसतं 'विडी घरकुल' म्हणून मोकळे होतो. या गोदावरी परुळेकर लेखिकाही होत्या. ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींबरोबर त्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला आणि त्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुम्ही अत्तम्मांना घेऊन त्यांच्या बहिणीकडे जाता तेव्हा एका लेखिकेच्या नावाच्या वसाहतीत जाता. पुढच्या वेळी रिक्षात बसल्यावर ही गोष्ट त्यांना तेलुगूत सांगा. वेठबिगारी, मजुरी, सावकार हे सगळं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आता हळदीकुंकू. मुलीने ढोंग म्हटलं म्हणून तुम्हाला मंगळसूत्राची लाज वाटायला लागली. मला मुलीचा प्रश्न आवडला, पण तिने दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत घातल्यात. तुम्ही गळ्यात काय घालता हा तुमचा प्रश्न आहे. त्याने कुणाचं काही जात नाही. आवडत असेल तर घाला, एखाद्या दिवशी काढून ठेवावंसं वाटलं तर ठेवा, कुणाला स्पष्टीकरण देऊ नका, मुलीलाही नाही. हळदीकुंकवाचं तसं नाही. तुमच्या हॉलमध्ये वाण वाटलं जात असतं तेव्हा ज्या बाईने विड्या वळून ते घर उभं केलं ती आतल्या खोलीत बसते, नवरा आधी गेला म्हणून. मुलीला 'तेही' खटकतं असं तुम्ही लिहिलंत, जाता जाता. मला वाटतं तिला मुख्य खटकतं ते तेच.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, जोडवी काढणं हे गावात करायचं नाही असं ठरवलं. पुढे राज्य शासनाने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. एका ग्रामपंचायतीला जमलं ते एका हॉलला जमू शकतं. पण इथे एक धोका आहे, आणि नवं वाचलेली माणसं त्यात हमखास सापडतात. पाहुण्या बायकांसमोर अचानक अत्तम्मांचा हात धरून त्यांना बाहेर आणून कुंकू लावायचं, हे करू नका. ते तुमच्या समाधानासाठी होईल, त्यांच्यासाठी नाही. संक्रांतीच्या बरंच आधी, दोघीच असताना विचारा. त्या नको म्हणाल्या तर का नको हे ऐका. कदाचित म्हणतील, चार बायका मागून नावं ठेवतील. मग त्या चार बायकांचं बघायचं काम तुमचं. कदाचित म्हणतील, मला कुंकू नको पण बाहेर बसायला आवडेल. मग खुर्ची बाहेर ठेवा, वाण त्यांच्या हातून द्या. किंवा हळदीकुंकू हे नावच टाकून नुसता तिळगूळ करा, सगळ्यांना बोलवा, भांड्याच्या मावशींनाही. आणि त्यांना वाण द्या, उरलेला फराळ नव्हे.

मावशींचा विषय निघालाच आहे तर तोही बोलते, पटकन. तुमचा वाचनाचा तास त्यांचं काम झाल्यावर सुरू होतो. यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही, पगार आणि सुट्टी नीट देत असाल तर. आपल्याच जिल्ह्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' वाचलं की मात्र एक सवय लागते. कोणत्याही घरात शिरलं की इथे बसून कोण वाचतंय आणि उभं राहून कोण काम करतंय, हे आधी दिसतं. शांताबाई गावकुसाबाहेरच्या घरातून शिकून शिक्षिका झाल्या. सांगोल्याकडची बोली जशीच्या तशी आहे, तुम्हाला गोड लागेल.

आता ती कव्हरं. तुम्ही लिहिलंय की लपवून वाचते याची लाज वाटते. लाजू नका. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं हे एका बाईने उघड लिहिलं होतं. पुस्तकावर नाव विभावरी शिरूरकर. या कोण, याचा लोक शोध घेत राहिले. त्या बाळूताई खरे होत्या, पुढच्या मालतीबाई बेडेकर. टोपणनाव हे त्यांनी स्वतःला घातलेलं कव्हरच होतं, त्याच्या आड राहून जे लिहिलं ते उघड्या नावाने तेव्हा लिहिता आलं नसतं. आणि याच मालतीबाई पुढे नोकरीसाठी सोलापुरात आल्या. इंग्रजांनी ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं त्या जमातींना तारेच्या कुंपणात डांबलं होतं, त्या सेटलमेंटमधल्या शिक्षणाचं काम त्यांनी पाहिलं. १९५० सालची त्यांची 'बळी' कादंबरी तिथल्या माणसांची आहे. आपण आजही 'सेटलमेंट' म्हणून पत्ता सांगतो. त्या वस्तीवर एका बाईने कादंबरी लिहिलीय हे सोलापूरच्या किती घरांना माहीत असेल? तुम्ही ती मिळवून वाचाच. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ठिकाणी अशा पुस्तकांची चौकशी करता येते. नसेल तर मागणी नोंदवा. वाचनालयं मागणीवर चालतात, आणि मागणी नोंदवायला बायका लाजतात.

कव्हर तेवढं मात्र तपासा. बेबीताईंना वही लपवावी लागली कारण सापडली असती तर काय झालं असतं हे त्यांना माहीत होतं. तुमच्या घरात पुस्तक सापडलं तर काय होईल? पत्रात तरी कुणी बंदी घातल्याचं दिसत नाही. एखादं पुस्तक कव्हर न घालता टीव्हीशेजारी ठेवून द्या आणि बघा. कदाचित काहीच होणार नाही. नवरा चाळून बघेल आणि ठेवून देईल. तसं झालं तर इतकी वर्षं कुणाला भ्यायलो हा प्रश्न उरेल, तो तुमचा तुम्ही सोडवा.

ढोंगाबद्दल एवढंच. तुम्ही 'स्मृतिचित्रे'पासून सुरुवात केलीत, बरं झालं. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली. त्या पाच वर्षांतलं सोवळं, रडणं, हट्ट, मनातून हळूहळू सुटत गेलेली जात हे सगळं त्यांनी स्वतःला हसत लिहून ठेवलंय. विचार एका रात्रीत पटला तरी हात जुन्याच सवयीने चालतात, पुढेही बरीच वर्षं. ढोंगी माणूस ही तफावत झाकतो. तुम्ही तर ती मला चार पानं भरून कळवलीत.

मुलीला हे सांगायला जाऊ नका, ती म्हणेल आई लेक्चर देते. तिच्याबरोबर काहीतरी वाचा. तुमच्या घराला एक सोय आहे जी माझ्या माहितीतल्या मराठी घरांना नाही. तेलुगूत ओल्गा नावाच्या लेखिका आहेत. त्यांच्या 'विमुक्त' या कथासंग्रहाला २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात सीता शूर्पणखेला भेटते, अहल्येला, रेणुकेला, ऊर्मिलेला भेटते, आणि या बायका एकमेकींशी जे बोलतात ते रामायणात आपण कधी ऐकलेलं नसतं. इंग्रजी अनुवाद आहे. मुलगी तो वाचेल. अत्तम्मांना ती तेलुगूत सांगेल, जेवणं झाल्यावर. तुम्ही ऐका. अत्तम्मा मधेच थांबवतील, सीता असं म्हणणारच नाही म्हणतील, स्वतःची सीता सांगतील. होऊ द्या भांडण. तुम्ही ज्या दोघींच्या मधे सापडलात म्हणता त्या दोघींना एकमेकींशी थेट बोलायची सवय नाही, सगळं तुमच्यामार्फत चालतं. मधून जरा उठा.

तुमच्यासारख्याच स्थितीतल्या ज्या इतर मैत्रिणी हे वाचत असतील त्यांनाही हे लागू आहे. एकटीने वाचलं की राग आत मुरतो. दोघीतिघींनी एकच पुस्तक वाचून महिन्यातून एकदा गच्चीवर बसलं तरी पुरे. अध्यक्ष, वर्गणी, ग्रुपचं नाव यात पडू नका, तिथेच अर्धे उपक्रम संपतात. वाचता न येणाऱ्या बाईलाही बसू द्या, मोठ्याने वाचा. आणि भिशीचा ग्रुप असेल तर नवीन शोधायचीही गरज नाही, तोच वापरा.

'एकदा सगळं स्पष्ट बोलून टाकावं का?' नाही. सगळं नको. इतक्या वर्षांचं एका संध्याकाळी बाहेर काढलं की समोरच्याला त्यातलं काहीच ऐकू येत नाही, तो फक्त स्वतःचा बचाव करतो. एक गोष्ट निवडा. पाण्याचंही बोलता येईल, पण त्यासाठी सभा भरवायची गरज नाही. मुलगा आता काही लहान नाही, मोटर चालू करणं आणि टाकी भरणं त्याला येतं. पुढच्या पाण्याच्या दिवसापासून त्याला उठवा, आणि तो पहिल्यांदा विसरला म्हणून धावत जाऊन स्वतः भरू नका. एक दिवस घरात पाण्याची ओढ होऊ दे.

स्वतःला स्त्रीवादी म्हणावं का? म्हणा. त्यासाठी कुठे फॉर्म भरावा लागत नाही. म्हणायचं नसेल तरी अडत नाही, अत्तम्मांनी कधी म्हटलं नाही.

नवऱ्याशी बोलायची ती एक गोष्ट पैशाची असू द्या. कारखान्यात तुमचं नाव कुठे आहे? मालकी नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर तुम्ही करता ते काम कागदावर अस्तित्वात नाही. बाहेरचा हिशेबनीस ठेवला असता तर महिन्याला काय द्यावं लागलं असतं, तो आकडा तुम्हालाच सगळ्यात नीट काढता येईल. तो काढा. मग दोन रस्ते आहेत. एक, पगार, तुमच्या एकटीच्या बँक खात्यात, दर महिन्याला. दुसरा, भागीदारीपत्र करून भागीदार होणं, म्हणजे सुताची खरेदी ठरताना तुम्हाला विचारणं हा उपकार राहणार नाही. दोन्हींचे आयकराचे नियम वेगळे आहेत. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला दिलेला पगार काही वेळा त्याच्याच उत्पन्नात धरला जातो, तसं होऊ नये म्हणून बायकोचं शिक्षण आणि ती खरोखर करत असलेलं काम दाखवावं लागतं. तुमच्याकडे बी.कॉम.ची पदवी आहे आणि वर्षानुवर्षांच्या वह्या आहेत. भागीदारीत मात्र फायद्याबरोबर कर्जाचीही जबाबदारी येते, तेही नीट समजून घ्या. नवऱ्याशी बोलताना 'मला हक्क हवा' असं सुरू केलंत तर ते कदाचित दुखावतील. आकडा समोर ठेवून सुरू केलंत तर ते धंदेवाईक माणूस आहेत, आकडा त्यांना कळतो. पण आधी सीएंशी बोला. जीएसटीच्या रिटर्नसाठी त्यांना फोन तुम्हीच करता ना? वीस तारखेच्या आधीच्या फोनवर हेही विचारून घ्या.